इंजिन बंद, काका चालू

नॉइज कॅन्सलिंग हेडफोनच्या जाहिरातीत विमानाच्या खिडकीशी डोळे मिटून बसलेली एक प्रसन्न बाई असते. तिच्या प्रसन्नतेचं खरं कारण खिडकी, हे कोणी सांगत नाही. मला पुणे-दिल्ली विमानात मधली सीट मिळाली होती. खिडकीशी एक काका, आणि पॅसेजच्या बाजूला कानात इयरबड खुपसलेला एक मुलगा.

लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे फोटो काढायला मनाई असल्याची घोषणा होते. ती झाली आणि तोवर पेंगत असलेल्या काकांनी मोबाइल थेट काचेला लावला. बाहेर फोटो काढण्याजोगं काही आहे, हे त्यांना घोषणेमुळेच कळलं असावं. हवाई सुंदरी येऊन "सर, प्लीज" म्हणाली, तेव्हा त्यांनी फोन खाली घेतला आणि मला म्हणाले, "काही दिसतच नव्हतं हो ताई."

पूर्वी टेक-ऑफ आणि लँडिंगच्या वेळी फोन चक्क बंद करून ठेवायला लागायचे. 2014 साली डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्याने, फ्लाइट मोडवर टाकलेली उपकरणं पूर्ण प्रवासात वापरायला मुभा दिली. निर्णय चांगलाच होता. फक्त त्यात स्पीकरचा विचार झालेला दिसत नाही. काका घरून तयारीनिशी आले होते. फॅमिली ग्रुपवर आलेला एकूण एक व्हिडिओ डाउनलोड केलेला. "फ्लाइट मोडचं हे बरं असतं," ते म्हणाले, "मधेच कोणाचा फोन येत नाही." आणि मधुमेहात मेथीदाणे कसे घ्यावेत, हे एक बाई सगळ्या रांगेला सांगू लागल्या.

मी हेडफोन चढवले.

या हेडफोनची कल्पना विमानातच सुचलेली आहे. 1978 साली बोस या ऑडिओ कंपनीचे संस्थापक अमर बोस झुरिकहून बोस्टनला निघाले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून संगीताऐवजी घरघरच जास्त ऐकू यायला लागली, तेव्हा वैतागून त्यांनी तिथेच गणित मांडायला घेतलं: बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा, त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडायची, की दोघांची वजाबाकी होऊन शांतता उरते. थोर माणूस. पण एवढं गणित विमानात बसून सुचलं, म्हणजे त्यांच्या शेजारी आमचे काका नव्हते हे नक्की.

कारण ही वजाबाकी जमते ती एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीची. माणसाचं बोलणं, बाळाचं रडणं, ताटलीचा खणखणाट यांच्यापुढे ती बरीचशी हात टेकते. मी बटण दाबलं तसं इंजिन खरोखर नाहीसं झालं. इतका वेळ त्या घरघरीत निम्म्या बुडालेल्या मेथीदाणेवाल्या बाई आता स्वच्छ, शब्दन् शब्द ऐकू यायला लागल्या. रात्री भिजत घालायचे, सकाळी अनशापोटी. मग एक कीर्तनकार आले. मग कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, तोही तीनदा, कारण काकांना त्यातली मेहुणी सापडत नव्हती.

आवाज वाढवून मी गाणी लावली, तर समोर हवाई सुंदरीचे ओठ हलताना दिसले. मी अंदाजाने "हो" म्हणाले. बहुधा किंचाळले, कारण पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. हातात टोमॅटो ज्यूस आला.

एवढ्यात मुलाचा एक इयरबड निसटून माझ्या आणि त्याच्या सीटमधल्या फटीत गेला. तो सीट मागेपुढे करायला लागला, तशी हवाई सुंदरी जवळजवळ धावतच आली. त्या बोंडाएवढ्या वस्तूतही लिथियमची बॅटरी असते; सीटच्या यंत्रणेत चिरडली गेली तर पेट घेऊ शकते. आम्हाला दोघांना उठवलं, गादी उचलली, टॉर्च आला. बड निघाला, सोबत कोणाचं तरी पेन आणि अर्धा खारा काजू. या सगळ्याचा काकांनी व्हिडिओ काढला.

दिल्लीला चाकं टेकताक्षणी, विमान धावत असतानाच, सगळ्यांचे फ्लाइट मोड सुटले. टिंग, टुंग, टिंग. चहूबाजूंनी "पोहोचलो", "उतरलो", "नाही, अजून आतच आहे". काकांनी घरी फोन लावला, अर्थात स्पीकरवर.

"प्रवास कसा झाला?" पलीकडून काकूंनी विचारलं.

"झाला बाई एकदाचा," काका म्हणाले. "शेजारी एक बाई होत्या, अख्खा वेळ कानात ते घालून बसलेल्या. माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत गं हल्ली."