जुनी पेठ वाचवू इच्छिणाऱ्यांस

आपल्या गावाची जुनी पेठ वाचवावी असे तुमच्या मनात आले असेल, तर सर्वप्रथम त्या पेठेतून राहायला बाहेर पडा. आत राहून पेठेवर प्रेम करणे फार अवघड जाते. नळाला आज पाणी येईल का, जिन्याची तिसरी पायरी कधी दगा देईल, पावसात माजघरात किती पातेली मांडावी लागतील, अशा क्षुद्र विवंचनांत माणूस गुंतून पडतो आणि डोक्यावरच्या कडीपाटाचे सौंदर्य त्याच्या ध्यानातच येत नाही. बायपासला लागून असलेल्या नव्या वसाहतीत, दोन गाड्या उभ्या राहतील असा बंगला बांधला, की त्याच्या गच्चीवरून जुन्या पेठेची कौले दिसू लागतात आणि गळा दाटून येतो. पेठ वाचवण्याच्या बहुतेक चळवळींचा उगम अशाच एखाद्या गच्चीवर झालेला आढळेल.

हवेत बोलणे नको म्हणून उदाहरणादाखल वाई हे गाव घेऊ. एका गावाला पुरून उरेल इतका इतिहास वाईजवळ आहे. कृष्णेचे घाट आहेत, पेशवाईतल्या सरदार रास्त्यांनी बांधलेली देवळे आहेत आणि 'दक्षिण काशी' ही पदवीही आहे. पुण्याहून महाबळेश्वराला निघालेली मंडळी सुरूर फाट्याला वळतात, वाईत थांबून ढोल्या गणपतीला नमस्कार करतात आणि पसरणीच्या घाटाला लागतात. या नमस्काराला दहा मिनिटे लागतात. ती दहाची वीस कशी करता येतील, एवढ्याच प्रश्नाला पर्यटनविकास असे म्हणतात, हे तुमच्या समितीने पहिल्याच बैठकीत ठरावाने नोंदवून घ्यावे.

समितीच्या नावात 'हेरिटेज' हा शब्द अवश्य असू द्या. 'वारसा' हा शब्द दिसायला बरा असला, तरी मराठीत त्याच्याबरोबर एक धोका येतो, तो म्हणजे वारसा म्हटले की वारस आठवतात. कोणत्याही जुन्या वाड्याची मिळकत पत्रिका काढून पाहा. तिच्यावर अकरा नावे असतील, त्यांतली चार कैलासवासी असतील, दोघे पुण्यात, एक डोंबिवलीला, एक न्यू जर्सीत आणि उरलेले तिघे एकमेकांशी बोलत नसलेले, असा सर्वसाधारण हिशेब पडतो. वाड्याच्या एका तुळईला वाळवी लागली तर ती बदलण्याचा निर्णय या अकरा जणांनी मिळून घ्यायचा असतो. वाळवीचा निर्णय मात्र केव्हाच झालेला असतो. या सर्वांना एकत्र बसवून, वाटणीपत्र करून, एखादा न्यास किंवा दीर्घ मुदतीचा भाडेकरार घडवून आणणे हे काम कंटाळवाणे आहे, त्याला वर्षे लागतात आणि त्याचे छायाचित्र मुळीच चांगले येत नाही. म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

भाडेकरूंच्या वाटेलाही जाऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला आणि त्याने मालकाला दरवर्षी चार टक्के भाडेवाढीचा अधिकार दिला. पेठेतल्या एखाद्या खोलीचे भाडे चाळीस रुपये असेल, तर ही वाढ पहिल्या वर्षी एक रुपया साठ पैसे होते. या रकमेत मालकाने कौले शाकारावीत, मोऱ्या दुरुस्त कराव्यात आणि पूर्वजांची शानही राखावी अशी आपली अपेक्षा असते. मालकही व्यवहारी असतो. तो पावसाळ्याची वाट पाहतो. नगरपरिषद अधिनियम १९६५ मधील कलम १९५ नुसार धोकादायक इमारतीला नोटीस निघते, आणि भिंतीवर चिकटवलेला तो कागद पाहून भाडेकरू घाबरतो, पण मालकाच्या चेहऱ्यावर मात्र श्रावण उतरतो. इमारत स्वतःहून धोकादायक होत नसेल, तर एखादे वर्ष कौल न फिरवता तिला थोडी मदतही करता येते. तुमच्या समितीने अशा वेळी 'जीर्ण वाडा कोसळला' या बातमीखाली हळहळ व्यक्त करावी. हळहळीला परवानगी लागत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पेठेचे रूप पालटायचे तर रस्त्यावरून दिसणारी भिंत तेवढी रंगवायची असते, हे तत्त्व एकदा मनाशी पक्के करा. भिंतीच्या मागे काय आहे, याच्याशी सुशोभीकरणाचा संबंध नाही. जुन्या वाड्यांच्या भिंती पांढरीच्या मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या विटांच्या असतात. चुना घाण्यावर दळायचा, त्यात गूळ, बेलफळ आणि हिरडा घालून तो मुरवायचा, असा खटाटोप जुन्या गवंड्यांनी केला, कारण त्यांना दुसरे काम नव्हते. तुम्ही सरळ सिमेंटचा गिलावा मारा. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट ती सोडू देत नाही. त्यामुळे ओल भिंतीतच कोंडते आणि तुळयांची भिंतीत रुतलेली टोके आतल्या आत कुजू लागतात. या प्रक्रियेला साधारण समितीच्या कार्यकाळापेक्षा अधिक काळ लागतो, ही त्यातली जमेची बाजू आहे. गिलाव्यावर फिकट पिवळा रंग द्यावा, त्यावर एक तुळशीवृंदावन, एक नथ घातलेली बाई आणि एक बैलगाडी चितारून घ्यावी. ज्या वाड्यावर हे चित्र काढले त्याच्या मागच्या अंगणात खरे तुळशीवृंदावन असेल तर ते झाकले जाईल अशा बेताने दुचाकी लावाव्यात.

रस्त्यावरचे जुने दगडी फरस उखडून तिथे पेव्हर ब्लॉक बसवावेत, हे सांगायला नकोच. ते आधीच बसवून झाले असतील.

लाकडाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कोसळलेल्या किंवा कोसळवलेल्या वाड्याचे सागवानी खांब, नक्षीदार चौकट आणि दिंडी दरवाजा यांची विक्री होते, हे ऐकून हळवे होऊ नका. ते खांब वाया जात नाहीत. महामार्गावरच्या एखाद्या रिसॉर्टच्या स्वागतकक्षात ते पॉलिश करून उभे राहतात आणि त्यांच्याभोवती पाहुण्यांना 'वाडा संस्कृती' थाळी वाढली जाते. ज्या घरातून ते आले, तिथल्या आजींना त्या थाळीची किंमत सांगू नये, एवढेच पथ्य पाळावे.

समितीचा एक अभ्यासदौरा झालाच पाहिजे, आणि तो वाईलाच काढा. मात्र तिथे काय पाहायचे आणि काय नजरेआड करायचे हे आधी ठरवून जा. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. देवळात मूर्तीसमोर उभे राहून छायाचित्र काढा, पण मागच्या बाजूला फिरकू नका. तिथली भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचा लोंढा तिच्यावर आदळला की दुभंगून बाजूने निघून जावा म्हणून. नदीच्या स्वभावाचा विचार करून बांधलेली ही भिंत पाहिली, तर आपल्या सुशोभीकरणाच्या आराखड्यात पुराचे पाणी कुठून जाणार हा प्रश्न एखाद्या सदस्याला पडू शकतो, आणि मग बैठक लांबते. शेजारच्या मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर मोठी घंटा आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर ती तिथे आली. तिच्यावर बाल येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल कोरलेले आहे. तिच्याखाली सेल्फी पॉइंट किती चांगला होईल, एवढेच वहीत टिपा.

वाईत ज्या गोष्टी तुम्ही टाळायलाच हव्यात, त्यांत कृष्णाबाईचा उत्सव पहिला. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांना यश मिळावे म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असे परंपरा सांगते. माघात तो सुरू होतो आणि एकेका घाटाची पाळी येते. भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी अशा आळ्या आपापला उत्सव आपल्या हिमतीवर उभा करतात. मांडव कोणी घालायचा, वर्गणीला कोणी फिरायचे, पंगतीत वाढायला कोणी उभे राहायचे, हे प्रत्येक आळीत ठरलेले असते, आणि आळी सोडून गेलेली माणसे त्या दिवसांत पुण्यामुंबईहून परत येतात. यात इव्हेंट कंपनी नाही, लोगो नाही, 'संकल्पना' या शब्दाखाली कोणाचे नाव नाही. असली उदाहरणे अनुकरणीय नसतात, कारण त्यांसाठी आळीत माणसे राहत असावी लागतात.

विश्वकोशाच्या कार्यालयापाशीही रेंगाळू नका. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम मुंबईपुण्याऐवजी या लहान गावात बसून चालवले, आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. त्याही आधी नारायणशास्त्री मराठे यांच्या प्राज्ञपाठशाळेत शिकण्यासाठी तरुण विनोबा १९१७ साली वाईत येऊन राहिले होते. म्हणजे गावाच्या मध्यात एखादे खरे काम असेल, तर त्यासाठी माणसे बाहेरून येतात, राहतात, खाणावळीत जेवतात, चपला दुरुस्त करून घेतात, वाण्याकडे उधारी करतात आणि पेठ आपोआप चालते, असा एक घातक निष्कर्ष त्यातून निघतो. हा निष्कर्ष समितीत कोणी मांडलाच, तर त्याला ताबडतोब पुढचा अभ्यासदौरा राजस्थानात काढण्याची जबाबदारी द्यावी. तालुक्याच्या ठिकाणची सरकारी कार्यालये, दवाखाने आणि महाविद्यालये एकामागून एक बायपासकडे नेताना आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या आहेत. आता त्यांतले एखादे परत पेठेत आणा म्हणणे वाईट दिसेल.

नदीत उतरून जलपर्णी आणि प्लॅस्टिक ओढून काढणारे स्वयंसेवक दिसले, तर त्यांना पाण्याबाहेर बोलावून प्रमाणपत्र द्या. प्रमाणपत्र देताना त्यांचे ओले हात पुसून घ्यावेत, कागद खराब होतो.

वाईच्या घाटांचा एक गुण मात्र जरूर घ्यावा. हिंदी चित्रपटवाल्यांनी या घाटांना कधी उत्तर प्रदेश केले, कधी बिहार केले, आणि घाटांनी तक्रार केली नाही. तुमच्या पेठेनेही असेच लवचिक असावे. शनिवारी ती राजस्थानी हाट होऊ शकते, रविवारी गोव्याची गल्ली. डिसेंबरात तीन दिवसांचा 'पेठ महोत्सव' भरवा. त्यात मुंबईहून आलेल्या स्टॉलवर मातीच्या कपात चहा द्यावा आणि त्यासाठी पेठेतल्या जुन्या चहावाल्याची गाडी तीन दिवस हटवावी, रहदारीला अडथळा होतो म्हणून. कल्हईवाल्याला मात्र आग्रहाने बोलवा. त्याच्याकडे वर्षभर कोणी भांडे नेत नाही, त्यामुळे तो मोकळाच असतो. प्रात्यक्षिक पाहून लोक हरखतात, मुले नवसागराच्या धुराने खोकतात, आणि सगळे आपापल्या नॉनस्टिक तव्याकडे परत जातात.

दुकानदारांशी बोलताना सहानुभूतीचा स्वर ठेवा. चार पिढ्यांचे कापडाचे दुकान आहे, गल्ल्यावर आजोबांची तसबीर आहे, आणि मालक दुपारी बारा वाजता वर्तमानपत्र दुसऱ्यांदा वाचत बसले आहेत. त्यांना म्हणा, "काका, तुमचे दुकान म्हणजे गावाचे वैभव आहे." ते विचारतील, "तुम्ही शेवटचे कापड कधी नेले होते?" या प्रश्नाची तयारी करून जावे. त्या क्षणी तुमच्या खिशातला फोन वाजून 'तुमचे पार्सल आज पोहोचेल' असे दाखवणार नाही, याचीही काळजी घ्यावी. काकांना मोबाइलवर दुकानाचे पान काढून देण्याचे आश्वासन द्या. ते त्यांना नको असते. दुकानासमोर पाच मिनिटे गाडी उभी करता यावी आणि संध्याकाळी दिवे जाऊ नयेत, एवढेच त्यांचे मागणे असते, पण इतक्या साध्या मागणीला कोणी निधी देत नाही.

स्वच्छतागृहाचा विषय बैठकीत निघेल. तो नेहमी एखादी बाई काढते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बाजाराला येणाऱ्या बायका सकाळी घरून निघतात आणि दुपारी परत जाईपर्यंत पाणीच पीत नाहीत, असे ती सांगेल. खरेदी अर्धी टाकून त्या लवकर एसटी गाठतात, हेही ती सांगेल. ऐकून घ्यावे, मान हलवावी आणि 'तांत्रिक अडचण' असा शेरा मारावा. जागा नाही असे मात्र म्हणू नका, कारण त्याच बैठकीत कारंज्यासाठी आणि गावाच्या नावाच्या मोठाल्या अक्षरांसाठी चौकात जागा मंजूर झालेली असते. ती अक्षरे लाल रंगाची असावीत आणि त्यांच्या अलीकडे हृदयाचे चिन्ह असावे. पुढे एखादे अक्षर पडते आणि गावाला नवे नाव मिळते.

एवढे केल्यावर वर्षभरात अहवाल लिहायला घ्यावा. त्यात किती भिंती रंगवल्या, किती बाके बसवली आणि प्रत्येक बाकावर कोणाच्या स्मरणार्थ लिहिले, याची नोंद ठेवावी. पेठेत रात्री किती घरांत दिवा लागतो, हे मोजू नये. ते आकडे अहवालात बसत नाहीत. अहवालाचे प्रकाशन आणि पुढच्या वर्षाच्या नियोजनाची बैठक बायपासवरच्या मंगल कार्यालयात ठेवा, तिथे वातानुकूलन आहे आणि गाड्या लावायला ऐसपैस जागा आहे. निमंत्रणपत्रिकेवर तळाशी ठळक अक्षरांत छापायला विसरू नका: कृपया बाहेरच्या रस्त्याने यावे, पेठेतून आल्यास उशीर होतो.