बेटावरचा एस

काल दुपारी सहा वर्षांच्या बारा मुलांसमोर आणि त्यांच्या मागे ओळीने बसलेल्या पालकांसमोर एका आजोबांनी माझे इंग्रजी दुरुस्त केले, आणि ती दुरुस्ती मुलांना माझ्या मूळ उच्चारापेक्षा अधिक पटली. या घटनेला अजून पुरते चोवीस तासही झालेले नाहीत, त्यामुळे पुढील मजकुरात थोडी कटुता उतरली, तर वाचकांनी ती ताजी आहे म्हणून सोडून द्यावी.

पालकांनी वर्ग पाहावा यासाठी ठेवलेला तो तास होता. मी समुद्राचे चित्र काढले, मध्यभागी जमिनीचा तुकडा काढला, त्याखाली आय, एस, एल, ए, एन, डी अशी सहा अक्षरे लिहिली आणि स्वच्छ आवाजात 'आयलंड' म्हणाले. खरे तर या वयाच्या मुलांसाठी चित्र पुरेसे असते. अक्षरे मी लिहिली ती पालकांसाठी, म्हणजे काहीतरी शिकवले जात आहे असे त्यांना दिसावे म्हणून, आणि पुढे जे झाले ते बहुधा त्याचेच फळ होते.

मागच्या रांगेतून एक हात वर आला. हातात वही होती.

"बाई, एस राहिला."

"कुठं राहिला, आजोबा?"

"बोलायचा राहिला. लिहिलात, पण बोलला नाहीत."

"तो सायलेंट असतो."

"म्हणजे आमच्या नातवासारखा," आजोबा म्हणाले. "वर्गात हजर, पण तोंडातून शब्द नाही. नातवाचं एक वेळ समजू शकतो, तो सहा वर्षांचा आहे. या एसचं वय काय?"

येथे मी हसून पुढे जायला हवे होते. परंतु शिक्षकाला उत्तर ठाऊक असणे हा एक आजारच आहे. मी सांगितले की हा एस १६व्या शतकात शब्दात आला, त्यापूर्वी इंग्रज लोक हा शब्द एसशिवाय सुखाने लिहीत होते. पुढे लॅटिनमधल्या 'इन्सुला' या शब्दाशी त्याचे नाते असावे, अशा समजुतीने त्यात एस घालण्यात आला, प्रत्यक्षात मात्र तसे कोणतेही नाते नव्हते.

"म्हणजे ही चूक आहे."

"तसं म्हणता येईल."

"चारशे वर्षांत कुणी तपासली नाही?"

"स्पेलिंग आता तसंच रूढ आहे, आजोबा."

"आणि चूक आहे हे माहीत असून तुम्ही ती मुलांना शिकवता," असे म्हणून त्यांनी ते वहीत लिहून घेतले, आणि मग नातवाच्या वर्गमित्रांकडे वळून, मदत करण्याच्या निर्मळ हेतूने, मोठ्याने विचारले, "काय रे, काय लिहिलंय तिथं?"

"इसलंड!" अकरा मुले एकमुखाने ओरडली. बारावा अर्थातच गप्प होता.

त्यांचे काहीही चुकले नव्हते, आणि मला खरी बोच त्याचीच आहे. गेले १४ आठवडे मीच त्यांना एसचा आवाज सापासारखा काढायला शिकवले होते. अवघ्या २६ अक्षरांवर सुमारे ४४ ध्वनींचा संसार रेटणारी ही लिपी. तिच्यात एकेका अक्षराला एक आवाज असतो, अशी गोड थाप आम्ही सुरुवातीला मारतो आणि नंतर वर्षानुवर्षे अपवाद फेडत बसतो. मराठीतही 'चार' आणि 'चारा' यांतला च सारखा उच्चारला जात नाही, हे सणसणीत उत्तर मला सुचले ते रात्री साडेअकरा वाजता, जेव्हा समोर आजोबा नव्हते.

त्यांच्या वहीविषयी सांगणे भाग आहे. नातू घरी इंग्रजीचे किती शब्द बोलला याची त्यात साप्ताहिक नोंद होती आणि चौदाही रकान्यांत सुबक शून्ये होती. दुसरी भाषा नव्याने कानावर पडू लागली की पुष्कळ मुले काही आठवडे, कधी काही महिने, केवळ ऐकतात. या काळाला 'सायलेंट पीरियड' असे नावही आहे. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सातव्या दशकात जी पद्धत मांडली, तिच्यात मूल प्रथम शरीराने उत्तर देते: 'स्टँड अप' म्हटले की उठते, 'सिट डाउन' म्हटले की बसते, आणि बोलणे मागाहून येते. हा नातू या सूचना इतरांच्या आधी पाळतो, हे मी अभिमानाने सांगितले.

"उठाबशा तो मराठीतही काढतो," आजोबा म्हणाले.

पालक हसले. मीही हसले, पण मनातून नाही. आठवड्याला दोन तास या हिशेबाने १४ आठवड्यांचे २८ तास होतात, म्हणजे जाग्या असलेल्या तान्ह्या बाळाचे जेमतेम तीन दिवस. बाळाच्या पहिल्या शब्दासाठी घरदार वर्षभर कौतुकाने थांबते. माझ्याकडे मात्र तीन दिवसांच्या बाळाने पाहुण्यांसमोर उभे राहून रंगांची नावे म्हणावीत, अशी अपेक्षा असते. अशी घडाघडा म्हणणारी मुलेही माझ्या वर्गात आहेत. त्यांना तुझे दप्तर कुठे आहे असे इंग्रजीत विचारले की ती 'आय ॲम फाइन, थँक यू' असे सांगतात, आणि त्यांच्या पालकांची माझ्याविषयी कोणतीही तक्रार नसते. ज्याला माझे प्रत्येक वाक्य समजते, त्याच्या नावावर शून्ये.

यातले काही मी बोलून दाखवले, बहुधा जरा चढ्या आवाजात. आजोबाही उभे राहिले. तर्खडकरांचे व्याकरण त्यांनी लहानपणी पाठ केले होते म्हणे, आणि त्यात गप्प बसणारी अक्षरे असल्याचे त्यांना आठवत नव्हते. आम्ही दोघेही एकाच वेळी बोलत होतो, आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतून तो बारावा उठला, त्याने बोट ओठांवर ठेवले आणि हुबेहूब माझ्या सुरात, अगदी माझ्यासारखा दमलेला सुस्कारा टाकून, आम्हा दोघांना उद्देशून म्हणाला, "सिट डाउन, प्लीज. लिसन."

आम्ही दोघेही बसलो.

वर्गात कोणी हूं की चूं केले नाही. माझे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी मी इतकी चिडकी वाटते की काय, हा विचारही मनात येत होता. आजोबांनी वही उघडली, पंधराव्या रकान्यात चारचा आकडा घातला, शेजारी ते शब्द एकेक करून लिहू लागले आणि शेवटच्या शब्दाशी त्यांचे पेन थांबले.

"बाई," ते म्हणाले, "यात टी असतो ना?"

तो टीसुद्धा मागाहून घुसवलेला आहे. मला ते ठाऊक होते. मी पालकांचे आभार मानले आणि फळा पुसायला घेतला.