माराची धावपट्टी आणि ताडोबाचा विमानतळ

नैरोबीच्या विल्सन विमानतळावर मसाई मारा या केनियातल्या वन्यजीवांच्या राखीव क्षेत्राकडे जाणाऱ्या विमानात बसण्यापूर्वी प्रवाशाला आपली बॅग काट्यावर ठेवावी लागते. १५ किलोंची मर्यादा असते आणि बॅग कडक कवचाची चालत नाही, कारण बारा-तेरा आसनांच्या सेसना कॅरव्हॅनच्या पोटाखालच्या कप्प्यात ती दाबून बसवायची असते. पाऊण तासाने हेच विमान मुरमाच्या पट्टीवर उतरते. त्याआधी लॉजची जीप त्या पट्टीवरून एकदा धावून झेब्रे आणि हरणे हाकलून आलेली असते. तिथे इमारत नसते, सामानाचा पट्टा नसतो. एखाद्या झाडाची किंवा छपराची सावली असते आणि पाहुण्यांच्या नावाच्या पाट्या धरून उभे असलेले चालक असतात.

मी मूळचा वरोऱ्याचा. चौदा वर्षे नैरोबीत हिशेब तपासनिसाचे काम करतो आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या माझ्या मित्रांमध्ये गेले काही महिने एकच वाद चालू आहे, आणि त्यात माझी साक्ष काढली जाते. ‘केनियात थेट जंगलात विमाने उतरतात, तिथले प्राणी काही संपले नाहीत, मग ताडोबासाठी विमानतळ का नको?’ असे एक बाजू विचारते. राजुरा तालुक्यातल्या मूर्ती गावाजवळच्या नियोजित विमानतळाला वनजमिनीचा आणि वाघांच्या भ्रमणमार्गाचा प्रश्न आडवा आला, याचे तिला दुःख आहे. ‘विमाने श्रीमंतांची, गरिबाच्या पैशातून ती उडवू नयेत’, असे दुसरी बाजू म्हणते. माझे म्हणणे असे आहे की दोन्ही बाजू विमानाकडे पाहत आहेत आणि ते विमान ज्या जमिनीवर उतरते तिच्या व्यवहाराकडे कोणीच पाहत नाही.

सफारीलिंक ही २००४ मध्ये सुरू झालेली कंपनी उदाहरणासाठी घेऊ. कॅरव्हॅन आणि डॅश ८ अशी विमाने वापरून ती विल्सनवरून मारा, अंबोसेली, सांबुरू, लेवा, लामू अशा ठिकाणी जाते. माराचे एकच विमान कीकोरोक, ओल कियोम्बो, मुसियारा, किचवा टेम्बो अशा अनेक पट्ट्यांपैकी ज्यांचे प्रवासी असतील तेवढ्यांवर थांबत जाते. आपल्याकडची एसटी फाट्याफाट्यावर थांबते तसे. एकेरी भाडे २०० डॉलरच्या आसपास असते आणि ते बहुतेक वेळा लॉजच्या खर्चातच धरलेले असते. प्रवासी शोधण्याचे आणि त्याला पट्टीवरून नेण्याचे काम लॉजवाले करतात, त्यामुळे कंपनीला दर ठिकाणी कार्यालय आणि माणसे ठेवावी लागत नाहीत. जुलै ते ऑक्टोबर, रानगव्यांसारख्या दिसणाऱ्या विल्डबीस्टचे कळप मारात असताना, विमाने भरलेली जातात. एप्रिल-मेच्या लांब पावसात पट्ट्या चिखलाने भरतात आणि काही तंबू-छावण्या बंदच राहतात. इतकी ओढाताण असूनही हा व्यवसाय टिकतो, कारण विमानाचा आकार गरजेएवढाच ठेवलेला आहे.

याच्या शेजारी छोट्या शहरांना अनुदानित विमानसेवा देणारी आपली ‘उडान’ योजना ठेवून पाहावी. तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीला गेले आणि तासाभराच्या प्रवासाला सुमारे २५०० रुपयांची भाडेमर्यादा घालण्यात आली. महालेखापरीक्षकांनी २०२३ च्या अहवालात मार्गवाटपाच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंतचा हिशेब मांडला आहे. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच अनुदानाची तीन वर्षांची मुदत पूर्ण केली आणि त्यापुढे मार्च २०२३ पर्यंत टिकले ते ५४. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले, आणि तीन वर्षे भरताच त्याची मुंबईची अनुदानित सेवा थांबली. गुजरातमधल्या केवडियाचे समुद्री विमान ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले आणि काही महिन्यांतच बंद पडले; ते ट्विन ऑटर जातीचे होते, आणि त्याच जातीची विमाने विल्सनवरून वर्षानुवर्षे उडत आली आहेत. या अपयशांचे मला मनापासून वाईट वाटते, कारण कोकणातल्या किंवा विदर्भातल्या माणसाने विमानाची इच्छा धरणे यात काहीही गैर नाही.

तरीही केनियाचा दाखला ताडोबाला लागू होत नाही. माराला रस्त्याने जायला पाच ते सहा तास लागतात आणि परदेशी पाहुण्याच्या हाती तीनच दिवस असतात. नागपूर विमानतळावरून ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारापर्यंतचे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे, आणि तिथे येणारा बहुसंख्य पाहुणा नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबादहून कुटुंबासह येतो. तो वाटेत चहा पितो, वरोऱ्यात किंवा चिमूरला जेवतो, गाडीत डिझेल भरतो. नारोक या गावाची अवस्था मी पाहिली आहे. माराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे ते मुख्य गाव, पण विमानाने येणारा पाहुणा त्याच्या डोक्यावरून निघून जातो, आणि त्याच्या खर्चातला एक शिलिंगही तिथल्या हॉटेलवाल्याला मिळत नाही.

धोक्याचेही बोलले पाहिजे, कारण पर्यटनाच्या माहितीपत्रकात ते नसते. ५ मार्च २०२४ रोजी विल्सनवरून निघालेले ४४ जणांचे डॅश ८ आणि प्रशिक्षणाचे एक सेसना नैरोबी राष्ट्रीय उद्यानावर एकमेकांना धडकले. डॅश ८ सुखरूप परतले, पण सेसनातले दोघे मृत्यू पावले. इतक्या छोट्या विमानतळावर प्रशिक्षण, सफारी, सोमालियाला जाणारी मिराची (चघळण्याच्या पाल्याची) विमाने आणि रुग्णविमाने एकत्र चालतात, त्याची ही किंमत आहे.

रुग्णविमाने म्हणताना मला गडचिरोली आठवते. १९५७ मध्ये पूर्व आफ्रिकेत सुरू झालेल्या फ्लाइंग डॉक्टर्सची विमाने आजही विल्सनवरून निघतात आणि लॉजसाठी केलेल्या याच मुरमाच्या पट्ट्यांवर उतरतात. गेल्या वर्षी ओल कियोम्बोला परतीच्या विमानाची वाट पाहत असताना मी स्वतः पाहिले: साप चावलेल्या एका मसाई गुराख्याला जीपमधून आणले आणि विमानात चढवले. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागड दर पावसाळ्यात तुटते, आणि तिथल्या गरोदर बाईला डोंगीतून किंवा खाटेवरून न्यावे लागते. सरकारी पैशातून पट्टी करायचीच असेल, तर तिचा पहिला हक्क भामरागडचा आहे, ताडोबाच्या पाहुण्याचा नाही.

आता जमिनीचा व्यवहार. केनियाचे निम्म्याहून अधिक वन्यजीव सरकारी उद्यानांच्या बाहेर, म्हणजे लोकांच्या जमिनीवर राहतात. माराच्या राखीव क्षेत्राला लागून असलेल्या मसाई जमिनींची वाटणी होऊन प्रत्येक कुटुंबाला आपापला सातबारा म्हणावा असा कागद मिळाला, आणि त्यानंतर शेकडो मालकांनी एकत्र येऊन जमिनी संवर्धनासाठी भाड्याने दिल्या. नाबोइशो हे २०१० मध्ये उभे राहिलेले असे एक क्षेत्र आहे. तिथे पाचशेहून अधिक मालक आणि सुमारे ५०,००० एकर जमीन आहे. करारातले भाडे ठरलेले असते, पाहुणे आले की नाही यावर ते अवलंबून नसते. तंबूंची संख्या मर्यादित ठेवलेली असते, आणि गुरे चारण्याला ठरलेल्या पाळीने जागा असते. २०१३ च्या वन्यजीव कायद्याने या क्षेत्रांना मान्यता दिली. महागडे तंबू आणि त्यांच्या जिवावर चालणारी छोटी विमाने याच व्यवस्थेवर उभी आहेत. कोरोनाच्या काळात पाहुणे थांबले तेव्हा काही ठिकाणी भाडे कमी करून घेण्याची वेळ मालकांवर आली, हे खरे आहे. पण जमीन त्यांच्या नावावरच राहिली.

ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यात, माझ्या ओळखीच्या दोन शेतकऱ्यांनी रिसॉर्टसाठी जमीन एकदाच विकली. पैसे घरबांधणीत आणि लग्नात गेले. वाघाची भीती मात्र त्यांच्याच वाट्याला राहिली, कारण तेंदूपत्ता आणि मोहफुले वेचायला त्यांच्याच घरातल्या बाया जंगलात जातात. म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासी शेतकऱ्यांना जमीन खासगी व्यक्तींना भाड्याने देता यावी असा कायदा आणण्याची घोषणा केली, तेव्हा मी ती बातमी विमानतळाच्या सर्व बातम्यांपेक्षा अधिक लक्ष देऊन वाचली. त्यावर आदिवासींच्या कार्यकर्त्यांनी घेतलेली शंका रास्त आहे. एकेकटा शेतकरी वकील घेऊन आलेल्या कंपनीसमोर बसला, तर भाडेपट्टा म्हणजे विक्रीचेच दुसरे नाव ठरेल. मसाई मालकांचे करार टिकले ते मालक एकत्र बसले म्हणून.

वरोऱ्याच्या मित्रांना मी तसे लिहून कळवले आहे. बफरमधल्या गावांनी करार ग्रामसभेमार्फत एकत्रितपणे करावा, पाहुणे आले नाहीत तरी भाडे मिळावे, खोल्यांची कमाल संख्या आधीच लिहिलेली असावी आणि मुदत संपताच जमीन विनाअट परत यावी, एवढ्या मागण्या त्यांनी मसुदा येण्यापूर्वी आपल्या आमदारांकडे न्याव्यात. नाबोइशोतल्या एका मालकाने आपल्या कराराची प्रत मला वाचायला दिली आहे. तिचा मराठी अनुवाद करायला मी घेतला आहे आणि तो पावसाळ्यापूर्वी पाठवीन.