आरशात बघतोच, पण आधी मिठीकडे बघू

पावसाळा आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मजकूर पुन्हा उगवतो. "सरकारला शिव्या देण्याआधी आरशात बघा. मुंबई तुंबते ती तुम्ही फेकलेल्या पिशवीमुळे. तुम्हीच सिंगापूरला गेलात की कपटाही टाकत नाही. जशी प्रजा तसा राजा!" आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याखाली लगेच हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते.

पिशवीपासून सुरुवात करू. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाणी पडलं. पिशव्यांनी गटारांची तोंडं बुजतात, हे खरंच आहे. पण शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला जेमतेम 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. ही क्षमता दुप्पट करा, असं सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल 1993 चा. मोठी कामं सुरू झाली ती प्रलयानंतर. मिठी नदीला विमानतळाच्या धावपट्टीसाठी काटकोनात वळवलं, पुढे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या भरावाने तिचं पात्र आवळलं. त्या भरावाच्या फायलीवर कुठल्या भाजीवाल्या मावशींची सही नव्हती.

सिंगापूरचा दाखला तर मजकुराच्याच अंगावर येतो. पाच-सहा तासांच्या विमानप्रवासात माणसाचं शील बदलत नाही. बदलते ती व्यवस्था: पावलोपावली कचरापेटी, ती वेळेवर रिकामी करणारी यंत्रणा, आणि खरोखर वसूल होणारा दंड. सिंगापूरही उपजत स्वच्छ नव्हतं. तिथली स्वच्छता मोहीम 1968 ची, आणि घाण झालेली नदी साफ करायला 1977 पासून दहा वर्षं लागली. एवढं लांब कशाला, लोकलच्या दारातून पिचकारी मारणारा मेट्रोत तोंड मिटून उभा असतो. माणूस तोच!

राहता राहिली ती म्हण. मूळ वचन 'यथा राजा तथा प्रजा' असं आहे, ते सोयीने उलटं केलंय. आणि 'तुम्हीच निवडून दिलंत' हे मुंबईकराला कुठल्या तोंडाने सांगायचं? महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. नगरसेवकच नव्हता, तर निवडीचा दोष कुणाला?

म्हणून मी हात झटकतोय, असं नाही. जिथे निर्णय आपल्या हातात होता, तिथला हिशेब आपल्याच नावावर लागतो, फक्त तो मजकुरात येत नाही. आमच्या आवारात पूर्वी मातीचा तुकडा होता, दोन आंब्यांसह. वार्षिक सभेत ठराव झाला आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसले. चार गाड्यांची सोय झाली. पाणी आता जिरत नाही, फाटकातून थेट रस्त्यावर जातं. ठराव एकमताने मंजूर झाला. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.