टूलपेटी अ‍ॅसिडात बुडवायच्या आधी हे वाचा

ठाण्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: गंजलेली जुनी टूलपेटी संडास साफ करायच्या अ‍ॅसिडात रात्रभर ठेवा, सकाळी नवीकोरी. होत नाही.

ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. गंज खातं हे खरं, पण गंज संपला की पत्रा खायला लागतं. त्याच्या वाफेने शेजारी टांगलेले पाने-पकडीही तांबूस होतात. दुमडीत, बिजागरीत अडकलेलं अ‍ॅसिड नीट धुतलं जात नाही, तिथूनच गंज परत फुटतो. वास जावा म्हणून वर ब्लीच ओतलंत तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतेल.

वागळे इस्टेटमध्ये फिटर असलेल्या बाबांची पेटी मी मागच्या महिन्यात साफ केली. आधी रॉकेलने चिकट थर काढला. गंजावर व्हिनेगरचं फडकं दोन तास, मग तारेची घासणी. लगेच खायच्या सोड्याचं पाणी, साधं पाणी, आणि ताबडतोब कोरडं फडकं. ओला उघडा पत्रा डोळ्यांदेखत पिवळा पडतो. शेवटी मशीनचं तेल. झाकणाच्या आत बाबांनी खिळ्याने कोरलेली आद्याक्षरं दिसली, ती तशीच ठेवली.

जुना रंग मात्र कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पाणी लावून वॉटरपेपर वापरा, तोंडाला मास्क, आणि पोरांना लांब ठेवा.