दुसऱ्या टाकीला इंजिन अडकलेल्या ब्रश कटरबद्दल दुकानाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार आधी थोडक्यात सांगतो. ब्रश कटर (गवत-झुडपं कापायचं इंजिनवरचं मशीन) पहिल्या टाकीला छान चालला, दुसऱ्या टाकीत वीस मिनिटांत इंजिन अडकलं आणि कंपनीने वॉरंटी नाकारली. गार असताना सुरू करायला हात भरून येईपर्यंत दोरी ओढावी लागत होती. ब्लेडचा नट इतका हलका की पाना लावताच त्याच्या कडा झिजल्या. आणि आमच्या काउंटरवर तुम्हाला ऐकवलं गेलं, “मॅन्युअल वाचलं नाहीत का?” त्यावर तुम्ही लिहिलंय, “60 पानांचं मॅन्युअल कोण वाचतं? चांगल्या मशीनला मॅन्युअल लागूच नये.”

आधी आमची चूक. काउंटरवरचं ते वाक्य तुम्हाला ऐकवायला नको होतं, त्याबद्दल माफी मागतो. त्याहून मोठी चूक विक्रीच्या दिवशी झाली. मशीन चालवून दाखवताना टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल आम्हीच भरलं आणि टाकी भरूनच मशीन तुमच्या ताब्यात दिलं. ते मिश्रण आहे, आणि ते कसं करायचं, हे तुमच्यासमोर करून दाखवलं नाही. तुम्हाला दिसलं ते एवढंच की मशीन पेट्रोलवर चालतं. दुसरी टाकी तुम्ही नुसत्या पेट्रोलने भरली. सोबत दिलेली 100 मिलीची तेलाची बाटली तुम्ही आणलेल्या खोक्यात सीलबंदच होती. मोटारसायकल चालवणारा कुणीही असंच करेल, कारण तिथे तेल वेगळं आणि पेट्रोल वेगळं असतं.

मशीन उघडल्यावर काय दिसलं तेही इथे लिहितो, म्हणजे आम्ही कंपनीची बाजू घेतोय असं वाटू नये. सायलेन्सर काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं, तर पिस्टनवर उभे ओरखडे होते. सिलिंडर उतरवल्यावर तेच ओरखडे पिस्टनच्या चारही बाजूंना दिसले, आणि सिलिंडरच्या भिंतीला अॅल्युमिनियम चिकटलेलं होतं. क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकच्या कप्प्यात, बोट फिरवलं तर ते कोरडं निघालं. मिश्रणावर चाललेल्या इंजिनमध्ये तिथे तेलाचा थर हाताला लागतो. सिलिंडरबाहेरच्या थंडाव्याच्या पात्यांत (फिन्समध्ये) गवत अडकून किंवा कार्ब्युरेटरची सेटिंग बिघडून इंजिन तापलं असतं, तर ओरखडे बहुतेक एक्झॉस्टच्या बाजूला सापडले असते आणि आतली ओल तशीच राहिली असती. तेल नव्हतं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

तेल पेट्रोलमध्येच का मिसळावं लागतं, याचं कारण इंजिनच्या रचनेत आहे. तुमच्या ब्रश कटरचं इंजिन टू-स्ट्रोक आहे, मोटारसायकलचं सहसा फोर-स्ट्रोक. फोर-स्ट्रोकला खाली तेलाची स्वतंत्र टाकी असते. टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोल क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे तिथे तेल साठवता येत नाही. म्हणून ते पेट्रोलबरोबरच आत पाठवायचं. आत पेट्रोलची वाफ होते आणि तेल बेअरिंगवर, पिस्टनवर, भिंतीवर बसतं. नुसतं पेट्रोल गेलं तर ते वंगण तर करत नाहीच, उलट आधीच्या टाकीतून उरलेला थरही धुऊन काढतं. त्या थराच्या जोरावर इंजिन काही मिनिटं चालतं, आणि म्हणूनच सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. मग पिस्टन तापून फुगतो, भिंतीला घासतो आणि त्याचं अॅल्युमिनियम भिंतीला फासलं जातं. थंड झाल्यावर दोरी पुन्हा फिरते. अशा वेळी कृपा करून पुन्हा चालू करून पाहू नका, तेवढ्या प्रयत्नात क्रँकचं बेअरिंगही जातं. तुम्ही तसं केलं नाहीत, म्हणून तुमचा क्रँक वाचला आहे.

आता मिश्रण. तुमच्या मॉडेलला 50 ला 1 हे प्रमाण आहे, म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिली तेल. तुमच्या बाटलीत 5 लिटरचं मिश्रण होतं. हा आकडा दुसऱ्याच्या मशीनवरून घेऊ नका. तशाच दिसणाऱ्या काही मशीनना 25 ला 1, म्हणजे लिटरला 40 मिली लागतं. मोजायला 20 मिलीची सिरिंज घ्या, बाटलीच्या झाकणाच्या मापावर जाऊ नका. मिश्रण टाकीत करू नका, वेगळ्या कॅनमध्ये करा: अर्धं पेट्रोल, त्यात सगळं तेल, झाकण लावून हलवा, मग उरलेलं पेट्रोल घालून पुन्हा हलवा. कॅनवर प्रमाण आणि तारीख मोठ्या अक्षरात लिहा. महिनाभरात संपेल एवढंच करा. टाकीत ओतायच्या आधी दर वेळी कॅन हलवा.

तेल टू-स्ट्रोकचंच, हवेने थंड होणाऱ्या इंजिनसाठीचं हवं. अशा बाटलीवर ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ अशी दर्जाची खूण लिहिलेली असते. ‘टीसी-डब्ल्यू 3’ लिहिलेलं तेल बोटीच्या, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनचं. मोटारसायकलचं इंजिन ऑइल घातलंत तर त्यातले घटक नीट जळत नाहीत, राख प्लगवर आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी बसते. आणि “थोडं जास्त घातलेलं बरं” हेही इथे चालत नाही. धूर होतो, प्लग काळा पडतो, सायलेन्सरची जाळी कार्बनने बुजते. शिवाय तेल वाढलं की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं. जास्त तेलाने इंजिन तापतं ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

सुरू होण्याच्या तक्रारीकडे येतो. यात चूक तुमच्याइतकीच मॅन्युअलच्या मराठीची आहे. आपण एरवी “चोक ओढा” म्हणतो. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, “चोक बंद स्थितीत ठेवा.” वाचणाऱ्याला वाटतं, चोक बंद म्हणजे चोक नको. खरं तर बंद व्हायची असते ती हवेची वाट, म्हणजे दोन्ही वाक्यं एकच सांगतात. गार मशीनला क्रम असा: स्विच चालू. कार्ब्युरेटरखालचा पारदर्शक रबरी फुगा 7-8 वेळा दाबा, परतीच्या नळीत पेट्रोल दिसेपर्यंत. चोक बंद. दोरी आधी हलकेच ओढून अडथळा लागेपर्यंत आणा, मग झटक्यात ओढा. तीन-चार वेळांत एकदा “फट” असा आवाज येईल आणि इंजिन लगेच विझेल. चोक उघडायचा तो याच क्षणी. त्यानंतर एक-दोन ओढीत मशीन चालू होतं.

तो “फट” आवाज निसटला आणि चोक बंद ठेवून ओढत राहिलात की पेट्रोल आत साचतं आणि प्लग भिजतो. मग 30 वेळा ओढलं तरी काही होत नाही. अशा वेळी स्विच बंद करा, प्लग काढून पुसा, प्लगचं भोक जमिनीकडे करून दोरी आठ-दहा वेळा ओढा, प्लग परत बसवा आणि चोक उघडा ठेवून सुरू करा. प्लग हातात आलाच आहे तर त्याच्या दोन टोकांमधली फटही बघा. तुमच्या मॉडेलला ती 0.6 ते 0.7 मिमी हवी.

नट हलका नाही, तो डाव्या आट्यांचा आहे. नेहमीच्या नटासारखा डावीकडे फिरवलात की तो सैल होण्याऐवजी आवळतो, आणि जोर वाढवला की पाना घसरून कडा खातो. गिअरहेडवरच्या (दांड्याच्या टोकाला ब्लेड फिरवणाऱ्या गिअरच्या डब्यावरच्या) वॉशरचं भोक आणि केसचं भोक समोरासमोर आणा, त्यात सोबतची अॅलन की घालून दांडा अडवा आणि नट घड्याळाच्या दिशेने फिरवून काढा. हे आटे उलटे ठेवण्यामागे कारण आहे. ब्लेड दगडात किंवा खोडात अडकलं की ते थांबतं, पण दांडा फिरतच राहू पाहतो. त्या झटक्यात साधे आटे सैल झाले असते, डावे आटे आणखी आवळतात. त्यामुळे या नटाच्या जागी बाजारातला साधा नट कधीही लावू नका. कडा झिजलेला तुमचा नट आम्ही बदलून देतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल. बहुतेक लोक मॅन्युअल वाचत नाहीत, हे आम्हाला रोज दिसतं, आणि त्यासाठी लोकांना नावं ठेवणं आम्हाला पटत नाही. पहिली 14 पानं इशाऱ्यांची. “मशीन पाण्यात बुडवू नका” आणि “तेलाशिवाय इंजिन निकामी होईल” ही दोन्ही वाक्यं एकाच जाडीच्या अक्षरात, एकाच त्रिकोणी खुणेखाली. इंधनाचं प्रमाण 19व्या पानावर. माणूस तिथवर पोहोचत नाही, कारण आधीच्या पानांनी त्याला उपयोगाचं काही दिलेलं नसतं. हा दोष लिहिणाऱ्यांचा आहे, आणि तो आम्ही कंपनीला लेखी कळवला आहे.

पण चांगल्या मशीनला मॅन्युअल लागूच नये, हे मान्य करता येत नाही. पंखा, मिक्सर यांचं त्याशिवाय भागतं, कारण चुकलं तर मशीन चालत नाही आणि चूक लगेच कळते. इथे चूक करूनही मशीन वीस मिनिटं उत्तम चालतं. नट डावा आहे हे बाहेरून दिसत नाही, प्रमाण 25 की 50 हे इंजिनकडे पाहून ओळखता येत नाही. टाकीच्या झाकणावर पेट्रोल पंपाच्या चित्राशेजारी तेलाच्या थेंबाचं चिन्ह कोरलेलं आहे. पण काळ्या प्लास्टिकवर काळंच, आणि त्याचा अर्थ आधी माहीत असलेल्यालाच ते दिसतं.

म्हणून आमचं सांगणं 60 पानं वाचा असं नाही. इंधन, सुरू करण्याचा क्रम, देखभालीचा तक्ता आणि बिघाडांचा तक्ता, एवढी चार पानं मशीन चालू करण्याआधी वाचा. बाकीच्यातली एक ओळ मात्र न वाचता सुटू नये: ब्लेड फिरत असताना 15 मीटरच्या आत दुसरं कुणीही नको. देखभालीच्या तक्त्यात रोजचं काम एकच, एअर फिल्टर. तुमचा फोमचा आहे, तो साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवायचा. गिअरहेडला दर 25 तासांनी ग्रीस, पण ठासून भरायचं नाही. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंकासारखं होतं.

या अभिप्रायानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या आहेत. मशीन देताना पहिलं मिश्रण आता ग्राहकाच्या हातूनच करून घेतो, सिरिंज आमच्याकडून. आणि टाकीच्या झाकणाला पिवळी चिठ्ठी बांधतो: “1 लिटर पेट्रोल + 20 मिली टू-स्ट्रोक तेल”, मॉडेलप्रमाणे आकडा बदलून. चिठ्ठी सोडल्याशिवाय झाकण उघडत नाही.

तुमच्या मशीनचं म्हणाल तर वॉरंटी कंपनीची आहे, तिचा निर्णय आम्हाला फिरवता येत नाही. पण मिश्रण दाखवायचं राहिलं ते आमच्याकडून. म्हणून सिलिंडर-पिस्टनचा सेट आम्हाला पडतो त्याच किमतीत देऊ, मजुरी घेणार नाही, गॅस्केट आणि प्लग आमच्याकडून. दोन दिवसांचं काम आहे. नवीन पिस्टन बसवल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्या सलग फुल थ्रॉटलवर चालवू नका, मधूनमधून मोकळा सोडा.

मशीन घ्यायला याल तेव्हा तुमचा पेट्रोलचा कॅन आणि ती सीलबंद बाटली सोबत आणा. कॅनमध्ये नेमकं किती पेट्रोल उरलंय ते मोजून त्यातच मिश्रण करू.

दुकानातर्फे