आधी जागा, मग घर

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यातील फोंडा तालुक्यात भटक्या वानरमारे समाजाच्या एका वस्तीवर घरकुलाचे अर्ज भरून द्यायला गेलो होतो. काठ्यांवर निळी ताडपत्री, ती वाऱ्याने उडू नये म्हणून कडेने ठेवलेले चिरे, आणि आत एका आजीने तेलाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून जपलेले आधारकार्ड. अर्ज ‘जागेचा पुरावा’ या रकान्यापाशी अडला. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा नाही, घर नंबर नाही, आणि ना हरकत दाखल्यासाठी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, दारात जावे तर आहे ती खोपही जाईल, ही भीती. “पोरं इथंच झाली, मग इथली कशी नाहीत?” असे आजीने विचारले.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमधून सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळतात. गोव्यात चिरे, रेती आणि गवंड्याची मजुरी पाहता ही रक्कम अपुरीच आहे, पण वानरमाऱ्यांचा प्रश्न त्याही आधीचा आहे. भूमिहीन लाभार्थ्याला सरकारी किंवा सार्वजनिक जमिनीतून जागा मिळवून देणे ही राज्याची जबाबदारी असल्याचे या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच नमूद आहे. प्रत्यक्षात मात्र ती जबाबदारी अर्जदाराच्याच गळ्यात पडते. २००३ मध्ये गावडा, कुणबी आणि वेळीप समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आले, ते योग्यच झाले. वानरमारे त्या यादीत नाहीत, त्यामुळे आदिवासींसाठीच्या योजनांतूनही ते सुटतात.

शेजारच्या महाराष्ट्राने २०११ मध्ये भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. तिच्यात प्रत्येक कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि तीवर २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. अंमलबजावणी रखडते हे खरे, पण जमीन आणि घर एकत्र देण्याचा आणि वीसेक कुटुंबांना एका ठिकाणी वसवण्याचा तिचा विचार मला पटतो, कारण नातेवाइकांपासून तोडून कुठल्यातरी इमारतीत चौथ्या मजल्यावर दिलेले घर ही माणसे सोडून जाणार. आणि परक्याच्या जमिनीवरील घराला संरक्षण देणे गोव्याला नवे नाही; भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठी १९७५ च्या मुंडकार कायद्याने आपण तेच केले.

येत्या ग्रामसभेत वस्तीसाठी सरकारी जागा मोजून मागणारे निवेदन देणार आहे. जागेची नोंद घरातील बाईच्या नावे व्हावी, अशीही मागणी त्यात आहे. पंचायत क्षेत्रातील ज्यांना सही करायची असेल, त्यांनी शनिवारपर्यंत कळवावे.